हौसाक्का आणि न झाडलेली फरशी

हौसाक्कांच्या घरी चहाला गेलेलं माणूस बिस्कीट खाताना आपोआप मान पुढे काढायला आणि बशी हनुवटीखाली धरायला शिकत असे. कण खाली पडला रे पडला की अक्का उठलेल्याच. पदर कमरेला खोचलेला, उजव्या हातात केरसुणी, डाव्या हातात सुपली आणि तोंडानं गप्पा चालूच. "बसा वो, तुमी बोला, मी ऐकतीया," म्हणत त्या आपल्या पायांभोवतीनं झाडून घ्यायच्या. बिस्कीट संपलेलं नसेल तर त्याच्याकडे अशा नजरेनं बघायच्या की उरलेलं आपण एका घासात गिळून टाकावं. आमचे हे तर त्यांच्याकडे निघताना म्हणायचे, "मी घरूनच खाऊन येतो. तिथं खाताना परीक्षेला बसल्यासारखं वाटतं."

नगरला सावेडीतल्या आमच्या गल्लीत त्यांच्या आणि आमच्या घरामध्ये एकच कंपाउंडची भिंत. मी शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झालेली, म्हणून त्या मला 'बाई' म्हणायच्या. वयानं त्या माझ्याहून मोठ्या, म्हणून त्या माझ्या अक्का. माझ्या घरात पुस्तकं, वर्तमानपत्रं आणि धूळ गुण्यागोविंदानं नांदतात. अक्का आल्या की दारातच थबकायच्या, डोळे मिटून घ्यायच्या आणि म्हणायच्या, "बाई, मी काय बगितलंच न्हाई. च्या टाका." पण चहा उकळेपर्यंत त्यांच्यानं राहवायचं नाही. मी कप घेऊन बाहेर यावं तर खोली झाडून झालेली असायची आणि अक्का काही घडलंच नाही अशा चेहऱ्यानं खुर्चीत बसलेल्या असायच्या. गेल्या वर्षी त्या गेल्या. तेव्हापासून माझ्या घरात धूळ निर्धास्त आहे आणि मला ते मुळीच आवडत नाही.

हे वेड त्यांना कुठून लागलं ते त्यांनीच एकदा सांगितलं होतं. माहेर कर्जतकडचं, कोरडवाहू. लग्न होऊन आल्या त्या साखर कारखान्याच्या कॉलनीत. मालक, म्हणजे त्यांचे यजमान, कारखान्यात फिटर. गळीत हंगाम सुरू झाला की चिमणीतून काजळी उडायची आणि कॉलनीभर काळे कण पडायचे. वाळत घातलेल्या धोतरावर, दह्याच्या पातेल्यावर, पाळण्यातल्या बाळाच्या गालावर. "झाडून मागं वळलं की परत काळं. मला तर वाटायचं, कारखाना साखर न्हाई, केरच काढतोया," अक्का म्हणायच्या. हंगाम संपला तरी हात थांबायचा नाही. पुढे मालक वारले, मुलगा दत्ता शिकून नोकरीला लागला, सावेडीत घर झालं, चिमणी कुठल्या कुठे मागे राहिली. अक्कांची केरसुणी मात्र हंगामातच होती. "केर दिसला म्हंजी समजायचं, हौसा मेली," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

तशा अक्का रीतीभातीच्या पक्क्या. दिवेलागणीनंतर केर काढायचा नाही, केरसुणीला पाय लावायचा नाही, सगळं सांभाळायच्या. एकच रीत त्यांना पाळता यायची नाही. घरातून कुणी गावाला निघालं की ते पोचेपर्यंत घर झाडायचं नाही, ही आपल्याकडची साधी गोष्ट. जाणाऱ्याच्या पाठोपाठ केर काढणं म्हणजे त्यालाच केराबरोबर बाहेर टाकणं. हे अक्कांना ठाऊक नव्हतं असं नाही. पण पाहुणे उठले की सतरंजीवर चुरमुरे दिसायचे, दाराशी चपलांची माती दिसायची आणि त्यांचा जीव वरखाली व्हायचा. पाहुण्यांच्या गाडीचा आवाज कोपऱ्यावर विरायच्या आत केरसुणीचा आवाज सुरू. गल्लीतले सगळे त्यावरून हसायचे. मीही हसायची.

हसणं थांबलं ते वैशालीच्या वेळी. वैशाली म्हणजे अक्कांची सून. जामखेडची, बँकेत कामाला, बोलायला फटकळ आणि मनानं सरळ. तिची स्वरा तेव्हा तान्ही होती. पंचमीला वैशालीचा भाऊ जीप घेऊन तिला माहेरी न्यायला आला. चहापोहे झाले, अक्कांनी सुनेची ओटी भरली, नातीला काजळाचं बोट लावलं. जीप फाटकातून बाहेर पडते न पडते तोच वैशालीला आठवलं की बाळाची दुधाची बाटली आतच राहिली. ती उतरून मागे आली. अक्का हॉलमध्ये झाडत होत्या. ओटीचे सांडलेले तांदूळ, वैशालीच्या गजऱ्यातली गळलेली फुलं, सगळं सुपलीत भरलं होतं. वैशालीनं सुपलीकडे पाहिलं, बाटली घेतली आणि गेली. त्याच दिवशी जामखेडच्या रस्त्यावर जीप घसरून कडेच्या चारीत गेली. बाळाला खरचटलंही नाही, पण वैशालीचा हात मोडला.

नातेवाईक बोलायचं ते बोललेच. सासूनं पाठोपाठ घर झाडलं, मग दुसरं काय होणार! वैशालीला त्यातलं काही पटत नव्हतं. हात प्लास्टरमध्ये असताना मी तिला भेटायला गेले तेव्हा ती म्हणाली, "रस्ता ओला होता, गाडी घसरली. त्यात आईंचा काय दोष? पण बाई, मी अजून फाटकात होते हो. माझ्या गजऱ्याची फुलं त्यांच्या सुपलीत होती. त्या घरानं मला झाडून काढलं."

पुढे दत्ताची नोकरी चिंचवडला गेली आणि बिऱ्हाडही तिकडे गेलं. सणावाराला ते यायचे, पण वैशाली त्या घरात जेवायची नाही. "आम्ही जेवूनच आलोय, आई," एवढंच म्हणायची, तेही अगदी नम्रपणे. अक्कांनी पुरण वाटून ठेवलेलं असायचं, कटाच्या आमटीचा वास गल्लीभर सुटलेला असायचा आणि वैशाली सोफ्याच्या कडेला पर्स मांडीवर घेऊन बसायची. पाण्याचा पेला तेवढा घ्यायची. दत्ता बिचारा आई आणि बायको यांच्यामध्ये अर्धी पोळी कशीबशी गिळायचा. स्वराचा डबासुद्धा घरून आणलेला. ते गेले की अक्का सवयीनं केरसुणी घ्यायच्या आणि झाडायला काही नसायचं. "बगा की बाई, एक शीत पडलं न्हाई," त्या मला एकदा म्हणाल्या. खाली काही सांडलं नाही म्हणून कासावीस झालेल्या अक्का मी तेव्हाच पाहिल्या. मला फार वाईट वाटलं.

"मग एकदा म्हणून टाका ना तिला, चुकलं म्हणून," मी म्हटलं.

"काय चुकलं? मी काय तिला झाडली व्हय? केर झाडला." मान ताठ. फिटरची बायको ती, एकदा आवळलेला नट सैल करणं त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. मी पुष्कळ समजावलं, रागावले, दोन दिवस त्यांच्याकडे गेलेही नाही. तिसऱ्या दिवशी त्याच आल्या आणि माझं स्वयंपाकघर झाडून गेल्या.

अशातच नगरमधल्या आम्हा निवृत्त मंडळींचा एक ग्रुप युरोपच्या सहलीला निघाला. आमच्या ह्यांच्या गुडघ्यानं आधीच नकार दिला होता, म्हणून सोबतीला मी अक्कांना धरलं. दत्तानं हौसेनं सगळी तयारी करून दिली. अक्कांच्या हातपिशवीत दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि या दोहोंच्या मध्ये, फडक्यात गुंडाळलेली, हातभर लांबीची केरसुणी. मुंबईच्या विमानतळावर तपासणीच्या मशीनमधून पिशवी गेली तशी तिथली पोलीस मुलगी बुचकळ्यात पडली.

"आजी, ही कशाला?"

"लक्ष्मी हाय ती, बाळा. संगं असावी."

मुलगी आपल्यातलीच असावी. तिनं केरसुणी पुन्हा फडक्यात गुंडाळून दिली. पुढे प्रत्येक हॉटेलात अक्का पहाटे उठून खोली झाडून ठेवत. खोली साफ करणारी बाई आली की तिला हाताला धरून पलंगाखालची धूळ दाखवत आणि मला म्हणत, "नुसतं वर वर चकाचक, बाई. पलंगाखाली कोनी बगत न्हाई." आयफेल टॉवरकडे पाहून त्यांनी एवढंच विचारलं, "ह्येला झाडतं कोन?"

रोमला आम्हाला एका मोठ्या संग्रहालयात नेलं. पुतळे पाहून पाहून अक्का कंटाळल्या होत्या. "सगळ्यांची नाकं तुटल्याली, बाई, आन् धड कापडं न्हाईत," असा शेरा मारून त्या माझ्या मागे मागे येत होत्या. मी मात्र भलतीच खुशीत होते. वर्गात रोमन साम्राज्य शिकवताना हवेत हात फिरवून जे जे दाखवलं, ते सगळं आता हाताच्या अंतरावर होतं. एका दालनात जुन्या रोमन घरातली फरशी मांडून ठेवली होती, जमिनीवरच, भोवती जाड दोरी लावून. आमच्या ग्रुपची मंडळी पुढे दाटीनं उभी होती. अक्कांना त्यांच्यामधल्या फटीतून जमिनीचा एक तुकडा तेवढा दिसला. पांढऱ्या फरशीवर माशाचे काटे, खेकड्याची नांगी, कोंबडीचं हाड, गोगलगायीचे शंख, शिंपले, द्राक्षं खाऊन टाकलेला देठ. आणि एका कोपऱ्यात अक्रोड कुरतडणारा उंदीर.

"आगं बया बया!" अक्का अशा ओरडल्या की पुढची मंडळी बाजूलाच झाली. "जेवली आन् तशीच उठली का काय मानसं? आन् उंदीर!"

मी हात धरायच्या आत त्या दोरीखालून आत शिरल्या होत्या. गुडघे टेकून त्यांनी रुमाल पुढे केला आणि कोंबडीचं हाड उचलायला गेल्या. हाड काही येईना. नखानं खरवडायच्या बेतात होत्या तेवढ्यात तिथला पहारेकरी "सिन्योरा, सिन्योरा!" करत धावत आला. माझी पाचावर धारण बसली. परदेशातल्या पोलीस चौकीत 'केर काढत होत्या' हे इंग्रजीत कसं सांगायचं, याची मी मनात जुळवाजुळव सुरू केली. पण पहारेकरी भला माणूस होता. त्यानं अक्कांना दोन्ही हातांनी उठवून अलगद बाहेर आणलं आणि त्यांचा रुमाल घडी करून त्यांच्या हातात दिला.

अक्का फरशीकडे बघतच राहिल्या. "बाई, ही तर दगडाची हायत!"

खरंच ती दगडाची होती. ज्वारीच्या दाण्याएवढे आणि त्याहूनही बारीक रंगीत खडे एकाशेजारी एक बसवून केलेलं चित्र. प्रत्येक काट्याची, प्रत्येक शिंपल्याची सावलीसुद्धा खड्यांचीच. आमची गाइड इंग्रजीत सांगत होती आणि मी अक्कांना मराठीत सांगत होते. ही जेवणाच्या खोलीतली फरशी. दोन हजार वर्षांपूर्वी कुणा श्रीमंतानं मुद्दाम करून घेतली. पाहुणे आताच भरपेट जेवून उठले आहेत आणि अजून झाडायचं राहिलंय, असं कायमचं दिसावं म्हणून.

"मुद्दाम?" अक्कांनी विचारलं. "खरकटं पडलंय असं दिसावं म्हनून पैकं घालून?"

"हो. त्यात त्यांना भूषण वाटायचं. घरात माणसं जेवली याचं."

मंडळी फोटो काढून पुढच्या दालनात निघाली तरी अक्का दोरीला धरून उभ्या. मग मला म्हणाल्या, "तिला इचारा बरं बाई, ते पावनं घरी पोचले का?"

मी तसं विचारलं. गाइड हसली, खांदे उडवले आणि म्हणाली, ते कोण सांगणार!

"पोचल्याचा सांगावा आला नसंल," अक्का म्हणाल्या, "म्हनून झाडलं न्हाई बगा. लई वाट बगितली म्हनायची ह्यांनी." आमच्यापैकी मागे राहिलेले एक गृहस्थ मोठ्यानं हसले. मला हसू आलं नाही, कारण अक्का थट्टा करत नव्हत्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि मालक गेले तेव्हासुद्धा चारचौघांत न रडलेली ती बाई पदरानं डोळे पुसत मला सांगत होती, "हे लोक दोन हजार वर्सं थांबले, बाई. आन् मला तिची जीप कोपऱ्यावर जास्तोवर दम निघाला न्हाई. फुलं हुती वो तिच्या गजऱ्याची. केर न्हवता त्यो."

मी त्यांचा हात हातात घेतला. नट सैल झाला होता, पण तो नेमका रोममध्ये व्हावा हे माझ्या कुठल्याही इतिहासात बसणारं नव्हतं. निघताना त्यांनी मला त्या फरशीचा मोबाईलवर फोटो काढायला लावला. "उंदीर नीट येऊ द्या," म्हणाल्या. "स्वराला दावायचाय."

परत आल्यावर मला वाटलं, अक्का फोन करतील, सुनेची माफी मागतील. तसं काही झालं नाही. त्यांचा हात नेहमीसारखा चालूच. मे महिन्यात मात्र त्यांनी दत्ताला कळवलं की आमरस करतेय, सगळे या. आणि मला बजावलं, "बाई, तुमी बी या. मधी कोनीतरी पायजे."

मंडळी आली. वैशालीनं नेहमीची सोफ्याची कड धरली, पर्स मांडीवर. "आई, आम्ही वाटेत सुप्याला नाश्ता—"

"जेव म्हनत न्हाई मी," अक्का म्हणाल्या. "बस फकस्त."

त्यांनी त्या दिवशी टेबल सोडून खाली फरशीवरच पंगत मांडली होती. रस, कुरडया, पुरणपोळी, वरणभात आणि चोखायला वेगळे आंबे. दत्ता बसला, मी बसले, अक्काही बसल्या. स्वरा माझ्या मोबाईलमधला उंदीर बघण्यात गुंग. तो अक्रोड का खातोय, त्याला कुणी मारत का नाही, हाडं खाली का टाकलीत, एकामागून एक प्रश्न. अक्कांनी सांगितलं, "पावनं जेवून गेलेत ना, त्येंचं हाय ते." स्वरानं विचार केला, आपल्या आजीच्या ताटातली चोखलेली कोय उचलली आणि आरशासारख्या फरशीवर मधोमध ठेवून दिली. मग आंब्याची साल. मग कुरडईचे तुकडे, चित्रातल्यासारखे, एक इकडे, एक तिकडे. रसाचा ओघळ सतरंजीकडे निघाला. दत्ताचा घास हातातच राहिला. वैशाली "स्वरा!" म्हणून उठलीच. आम्ही सगळे अक्कांकडे बघत होतो.

अक्कांचा हात कोपऱ्यातल्या केरसुणीच्या दिशेनं सरकलेला मी पाहिला. तो मध्येच थांबला. मग त्यांनी माझ्या ताटातली कोय घेतली, फरशीवर ठेवली, जरा मागे होऊन पाहिली आणि थोडी सरकवली. "हां. आता उंदीर कुटं बसवायचा?"

वैशाली उभीच होती. "आई, झाडत नाही तुम्ही आज?"

"न्हाई. तुमी चिंचवडला पोचस्तोवर न्हाई झाडायची." अक्कांनी मान वर केली. ती ताठ नव्हती. "वैशे, त्या टायमाला तू फाटकात हुतीस आन् मी झाडत हुते. चुकलं माझं."

वैशालीनं पर्स सोफ्यावर ठेवली, दत्ताच्या शेजारी मांडी घालून बसली आणि म्हणाली, "मला वाढा." तिला वाढताना अक्कांच्या हातातून रस ताटाबाहेर सांडला, पोळीवरचं तूप सांडलं, आणि दोघींपैकी कुणीच तिकडे पाहिलं नाही. वैशालीनं पुन्हा पुन्हा मागून घेतलं. इतक्या वर्षांचं राहिलेलं एका बैठकीत जेवायचं असल्यासारखी ती जेवली.

दुपारी ते निघाले. मी माझ्या घरी जायला उठले तर अक्का म्हणाल्या, "बसा की जरा, बाई." त्या खुर्चीत बसल्या होत्या, आपला मोबाईल मांडीवर, पाय वर घेतलेले, कारण खाली पाय ठेवायला धड जागा नव्हती. कोयींना मुंग्या लागल्या होत्या. अक्का मुंग्यांकडे बघत, मोबाईलकडे बघत आणि पुन्हा मुंग्यांकडे. मी काही बोलले तर "व्हय व्हय," म्हणत, पण त्यांचं लक्ष नव्हतं. ऊन उतरलं तेव्हा फोन वाजला. एरवी पोचल्याचा फोन दत्ता करायचा. हा वैशालीचा होता.

"आई, पोचलो आम्ही," तिचा आवाज मलाही ऐकू येत होता. "स्वरा झोपलीय. दिवेलागण व्हायच्या आत झाडून घ्या आता, नाहीतर घरभर मुंग्या होतील."

अक्कांनी खोलीभर नजर फिरवली. कोयी, साली, कुरडयांचा चुरा, वाळून चिकट झालेला रस, वैशालीच्या ताटाभोवती पडलेली शितं.

"ऱ्हाऊ दे गं आजच्या दिवस," त्या म्हणाल्या. "त्यात तू जेवल्याली दिसतीस."